वैद्यकीय परिभाषेचा ऑनलाइन अभ्यासक्रम : पाठांतराआधी विग्रह

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत ‘मेडिकल टर्मिनॉलॉजी’ हा विषय बहुधा एक ते तीन क्रेडिटचा (पदवी-पदविकेच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या अभ्यास-एककांचा) असतो. नर्सिंग, रेडिओग्राफी, मेडिकल कोडिंग (निदान आणि उपचारांना बिलासाठी ठरलेले संकेतांक देणे), रुग्णालयातील नोंदींचे व्यवस्थापन अशा अनेक शिक्षणक्रमांत तो सुरुवातीलाच येतो. अमेरिकेत स्थायिक होऊन नव्याने आरोग्यसेवेत शिरू पाहणारी बरीच मराठी माणसे पहिला विषय म्हणून तोच घेतात, आणि तोही ऑनलाइन, कारण घर, मुले आणि नोकरी सांभाळून तेवढेच जमण्याजोगे असते. हा विषय सोपा असल्याची ख्याती आहे. ती अर्धीच खरी आहे. त्यात समजायला अवघड असे फार थोडे असते, पण शब्दांची संख्या मोठी आणि मुदत लहान असते. जो विद्यार्थी प्रत्येक शब्द सुटा पाठ करू लागतो, तो चौथ्या-पाचव्या आठवड्यात थकतो. जो शब्द फोडायला शिकतो, त्याचे ओझे आठवड्यागणिक हलके होत जाते. शाळेत समासाचा विग्रह करून गुण मिळवलेल्या मराठी विद्यार्थ्याकडे हे कौशल्य आधीपासूनच असते. त्याचा उपयोग कसा करावा, हेच या मार्गदर्शनात मुख्यतः सांगायचे आहे; पण त्याआधी प्रवेशाच्या काही व्यावहारिक बाबी उरकून घेऊ.

कोणता अभ्यासक्रम घ्यावा

आपल्याला क्रेडिट हवे आहे की केवळ ज्ञान, हे प्रथम ठरवावे. पुढे एखाद्या पदविकेला किंवा नर्सिंगला प्रवेश घ्यायचा असेल तर मान्यताप्राप्त कॉलेजाचा, श्रेणी देणारा अभ्यासक्रमच घ्यावा लागतो. कॉलेजाला मान्यता आहे की नाही, हे अमेरिकी शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील सूचीत विनामूल्य पाहता येते. मात्र मान्यता असली म्हणजे क्रेडिट सर्वत्र चालतेच असे नाही. म्हणून ज्या संस्थेत पुढे जायचे आहे तिथल्या सल्लागाराला ईमेल करून तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : या क्रमांकाचा अभ्यासक्रम तुम्ही स्वीकारता का, किमान श्रेणी कोणती लागते, आणि किती वर्षांपर्यंतचे जुने क्रेडिट चालते. फोनवर मिळालेले ‘हो’ वर्षभराने कोणाला आठवत नाही.

केवळ ज्ञानासाठी किंवा अंदाज घेण्यासाठी शिकायचे असेल तर कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर पिट्सबर्ग विद्यापीठाचा आणि राइस विद्यापीठाचा असे वैद्यकीय परिभाषेचे अभ्यासक्रम आहेत. पुण्यात किंवा मुंबईत राहून अमेरिकी रुग्णालयांच्या कोडिंगचे काम करू इच्छिणाऱ्यांना अशा अभ्यासक्रमाचा पाया पुरतो, कारण कोडिंगच्या सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) या परीक्षेला बसण्यासाठी कॉलेजाचे क्रेडिट लागत नाही. तिथे परिभाषा आणि शरीररचना या दोन्हींची प्रत्यक्ष जाण तपासली जाते.

व्हिसाची बाजूही पाहून घ्यावी. नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला किंवा मुलांना मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर असलेल्या व्यक्तीला शिक्षण घेता येते. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला मात्र पूर्णवेळ शिक्षणाच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन वर्ग, म्हणजे जास्तीत जास्त तीन क्रेडिट, धरता येतात. तेव्हा बाकीचे वर्ग प्रत्यक्ष हजेरीचे असल्याची खात्री कॉलेजाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आधी करून घ्यावी. शुल्काचा दर त्या राज्यातील रहिवाशाला वेगळा आणि बाहेरच्याला बराच जास्त असतो, आणि एच-४ धारकाला रहिवासी मानायचे की नाही, याचे नियम राज्यागणिक बदलतात.

पुस्तकाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक वर्गांत गृहपाठ प्रकाशकाच्याच संकेतस्थळावर करावा लागतो आणि त्यासाठी लागणारा प्रवेश-संकेतांक नव्या पुस्तकासोबत मिळतो, जुन्यासोबत नाही. तो एकदाच वापरता येतो. जुने पुस्तक स्वस्तात घेतल्याचा आनंद पहिल्याच सोमवारी संपतो आणि संकेतांकासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. म्हणून अभ्यासक्रमाचा आराखडा, ज्याला तिथे सिलॅबस म्हणतात, हाती पडेपर्यंत पुस्तक विकत घेऊ नये.

वेळेचा हिशेब

अमेरिकी नियमांप्रमाणे एका क्रेडिटमागे दर आठवड्याला साधारण एक तास वर्गाचा आणि किमान दोन तास स्वाध्यायाचे धरले जातात, आणि सत्र सुमारे पंधरा आठवड्यांचे असते. म्हणजे तीन क्रेडिटना आठवड्याला नऊ तास, एकूण १३५ तास. हाच अभ्यासक्रम आठ आठवड्यांच्या सत्रात घेतला तर आठवड्याला सतरा तास होतात. ‘लवकर संपेल’ म्हणून आठ आठवड्यांचे सत्र निवडणाऱ्यांनी हा भागाकार आधी करावा. शब्द स्मरणात मुरायला दिवस लागतात आणि ते दिवस तास वाढवून भरून निघत नाहीत, म्हणून पहिल्यांदा शिकणाऱ्याने पंधरा आठवड्यांचेच सत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गृहपाठाची मुदत बहुधा रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची असते आणि ती कॉलेजाच्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार चालणाऱ्या कॉलेजाचा गृहपाठ भारतातून करणाऱ्यासाठी ही मुदत उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आणि हिवाळ्यात साडेदहाच्या सुमारास संपते. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलते तेव्हा हमखास गोंधळ होतो. वर्ग ‘असिंक्रोनस’ आहे, म्हणजे ठरलेल्या वेळी हजर राहावे लागत नाही, याचा अर्थ वेळापत्रक नाही असा होत नाही. पूर्ण शुल्क परत मिळवून वर्ग सोडण्याची तारीख सत्राच्या अगदी सुरुवातीला असते. ती आणि प्रतिकूल श्रेणी न लागता माघार घेण्याची तारीख, या दोन्ही पहिल्या दिवशीच लिहून ठेवाव्यात.

शब्द फोडण्याची रीत

आता मुख्य भाग. वैद्यकीय शब्दांपैकी बहुतेक ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांतून घडलेले असतात. शब्दाच्या सुरुवातीला उपसर्ग असू शकतो, मध्ये एक किंवा अधिक मूळ शब्द असतात, आणि शेवटी प्रत्यय येतो. मुळाला पुढचा तुकडा जोडताना उच्चार सुकर व्हावा म्हणून मध्ये एक स्वर येतो, बहुधा ‘ओ’. हा जोडस्वर म्हणजे त्यांचा संधीच. प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर हा स्वर राहतो, स्वराने सुरू होत असेल तर गळतो : जठरासाठीच्या ‘गॅस्ट्रो’ला ‘स्कोपी’, म्हणजे आत पाहणे, लागले की गॅस्ट्रोस्कोपी, पण ‘आयटिस’, म्हणजे दाह, लागले की गॅस्ट्रायटिस. दोन मुळे शेजारी आली तर मात्र दुसरे स्वराने सुरू होत असले तरी जोडस्वर टिकतो, म्हणून गॅस्ट्रोएंटरायटिस. हा एवढा नियम पहिल्या आठवड्यात पक्का झाला की स्पेलिंगच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

वाचताना मात्र शेवटाकडून सुरुवात करावी. कोलेसिस्टेक्टोमी हा शब्द घ्या. ‘एक्टोमी’ म्हणजे कापून काढून टाकणे, ‘कोले’ म्हणजे पित्त आणि ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी. आपल्या पित्ताशयातही नेमके हेच दोन तुकडे आहेत : पित्त आणि आशय. मूत्राशयातला आशय तोच, म्हणून मूत्राशयाच्या दाहाला सिस्टायटिस म्हणतात. मला हा शब्द असा उलगडला तेव्हा कळले की आपण परक्या भाषेचे शब्द शिकत नसून ओळखीच्याच रचनेवर नवी लेबले लावत आहोत.

उपसर्गांच्या बाबतीत ही ओळख आणखी जवळची आहे, कारण ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुलातल्या आहेत. ‘हायपर’ म्हणजे आपले ‘उपरि’, आणि ‘हायपो’ म्हणजे ‘उप’. उपाध्यक्ष जसा अध्यक्षाच्या खालचा, तसे हायपोग्लायसेमियात रक्तातील साखर खाली गेलेली असते. ‘पेरि’ म्हणजे ‘परि’, सभोवती. पेरिकार्डियम हे हृदयाभोवतीचे आवरण. ‘डिस’ म्हणजे ‘दुस्’. डिस्पनिया म्हणजे श्वास घेण्यास कष्ट होणे. नकारार्थी उपसर्गाचे साम्य तर थक्क करणारे आहे. संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो, म्हणून अज्ञान, पण अनंत. ग्रीकमध्ये नियम तंतोतंत हाच आहे, म्हणून वाचा गेली तर अफेजिया, पण रक्तासाठीच्या स्वरारंभी तुकड्यापूर्वी ‘अन्’ येऊन शब्द होतो अनीमिया.

इंग्रजीभाषक वर्गमित्रांना ‘इंटर’ आणि ‘इंट्रा’ यांत नेहमी घोटाळा होतो. मराठी विद्यार्थ्याने ‘आंतर’ आणि ‘अंतर्’ आठवावे. आंतरराष्ट्रीय म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधले. तसे इंटरकॉस्टल म्हणजे दोन बरगड्यांच्या मधले. अंतर्गत म्हणजे आतले. तसे इंट्राव्हीनस म्हणजे शिरेच्या आत. अवयवांच्या नावांतही ‘ऑस्टिओ’ला अस्थी, ‘डेंट’ला दंत, ‘स्प्लेन’ला प्लीहा आणि ‘जेनू’ला आजानुबाहूमधला जानु असे नातलग सापडतात. यकृत आणि ‘हेपाटो’ हेही मुळात एकाच घरचे आहेत, पण ते नाते इतके दूरचे झाले आहे की परीक्षेत त्याचा उपयोग नाही. कानाला गोड लागणारे प्रत्येक साम्य खरे असतेच असे नाही, म्हणून ही युक्ती आठवणीपुरतीच ठेवावी आणि अर्थ पुस्तकातूनच ताडून पाहावा.

‘मायो’ आणि ‘मायलो’ ही अशीच छळणारी जोडी आहे. ‘मायो’ म्हणजे स्नायू. ग्रीकमध्ये त्याच शब्दाचा दुसरा अर्थ उंदीर असा आहे, आणि इंग्रजी ‘मसल’च्या मागे असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘छोटा उंदीर’. दंडाची बेटकुळी फुगवून पाहिली की ही कल्पना कशी सुचली असेल ते कळते, फक्त आपल्याला तिथे बेडूक दिसला. ‘मायलो’ म्हणजे मज्जा. विद्यार्थी विचारतात की हा तुकडा एकदा मणक्यातील दोरीसाठी आणि एकदा हाडातील गरासाठी कसा येतो. मराठीतही मज्जारज्जू आणि अस्थिमज्जा अशी दोन्हीकडे मज्जाच आहे, हे लक्षात आणले की मज्जारज्जूचा मायलायटिस आणि अस्थिमज्जेचा मायलोमा हे दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.

एकाच अवयवाला दोन नावे का, हा पुढचा प्रश्न. मूत्रपिंडासाठी ग्रीक ‘नेफ्रो’ आणि लॅटिन ‘रेन’ दोन्ही चालतात. ढोबळ नियम असा की रोगाचे आणि शस्त्रक्रियेचे नाव ग्रीक मुळावरून आणि अवयवाचे विशेषण लॅटिनवरून बनते : नेफ्रायटिस, नेफ्रेक्टोमी, पण रीनल आर्टरी, त्वचेसाठी डर्मटायटिस, पण क्युटेनियस. आपणही हाडवैद्य म्हणतो आणि अस्थिभंग म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. नियमाला अपवाद आहेत. स्तनाची शस्त्रक्रिया ग्रीक मुळावरून मॅस्टेक्टोमी होते, पण तपासणी लॅटिन मुळावरून मॅमोग्राम.

प्रत्ययांत तीन सर्वांत जपावेत. ‘टोमी’ म्हणजे छेद घेणे, ‘एक्टोमी’ म्हणजे काढून टाकणे, ‘स्टोमी’ म्हणजे नवे तोंड करणे. मोठ्या आतड्याला लावले तर कोलोटोमीत आतडे उघडले जाते, कोलेक्टोमीत ते किंवा त्याचा भाग काढला जातो, आणि कोलोस्टोमीत ते पोटाच्या भिंतीवर उघडून मलासाठी बाहेर वाट केली जाते. एका अक्षराच्या फरकाने रुग्णाचे उरलेले आयुष्य बदलते आणि बिलावरचा संकेतांकही बदलतो.

विग्रहाची मर्यादाही सांगितली पाहिजे. व्याकरणात पंकज हा योगरूढ शब्द म्हणून शिकवतात : चिखलात जन्मणारे बरेच काही असते, पण पंकज म्हणजे कमळच. वैद्यकातही असे आहे. अनीमियाचा शब्दशः अर्थ ‘रक्त नसणे’ असला तरी रोग्याच्या अंगात रक्त असतेच. त्यातील हिमोग्लोबिन किंवा तांबड्या पेशी कमी झालेल्या असतात. ‘ओमा’ म्हणजे गाठ. पण लायपोमा ही निरुपद्रवी चरबीची गाठ, मेलनोमा हा कर्करोग, आणि हिमॅटोमा म्हणजे नुसते साकळलेले रक्त. फोड केल्याने अर्थाची दिशा कळते. नेमका अर्थ एकदा कोशात पाहावाच लागतो.

स्पेलिंग आणि उच्चार

प्रश्नमंजुषा संगणक तपासतो आणि संगणकाला दयामाया नसते. महाराष्ट्रात शिकलेल्यांना ब्रिटिश स्पेलिंगची सवय असते. अनीमिया, हिमोग्लोबिन अशा शब्दांत आपण ‘ए’ आणि ‘ई’ ही जोडी लिहितो, अमेरिकेत नुसता ‘ई’ लिहितात. इसोफॅगस आणि इडीमा यांच्या आरंभीचा ‘ओ’ तिथे नसतोच. उत्तर वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असूनही गुण जातात, आणि ते परत मिळवण्यासाठी शिक्षकांना विनवण्या कराव्या लागतात.

देवनागरी उच्चार टिपून ठेवायला उत्तम आहे. ‘पी’ मुका आहे हे आठवण्यापेक्षा टोसिस, सायकोसिस, न्यूमोथोरॅक्स असे लिहिलेले सोपे जाते. ‘सी’नंतर ई, आय किंवा वाय आला की स, एरवी क, म्हणून सेफॅलो आणि कोलो, आरंभीच्या ‘एक्स’चा उच्चार झ, म्हणून झेरोडर्मा. पण देवनागरीवर विसंबून भागत नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचे हाड या दोघांनाही आपण इलियम असेच लिहितो. इंग्रजीत पहिल्यात मध्ये ‘ई’ आहे आणि दुसऱ्यात ‘आय’. ‘हिप’ या शब्दात आय आहे, म्हणून हाडाचा तो आय, अशी खूण मी वहीत केली होती. युरेटर म्हणजे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी नळी आणि युरेथ्रा म्हणजे मूत्राशयातून बाहेर जाणारी. डिस्फेजियात एका स्पेलिंगने गिळता येत नाही आणि दुसऱ्याने बोलता येत नाही : ‘जी’ असेल तर गिळणे, ‘एस’ असेल तर भाषा. ही खूण मराठीतच जमते.

बोलताना अमेरिकी कानाला आघात हवा असतो. आपण सगळी अक्षरे सारख्या वजनाने उच्चारतो. तिथे ‘ऑलॉजी’, ‘ऑटमी’, ‘ऑस्कपी’ या शेवटांतील पहिल्या ‘ऑ’वर जोर येतो. प्रत्येक शब्द ध्वनिफितीबरोबर मोठ्याने तीनदा म्हणावा. ऑनलाइन वर्गात नेमके हेच राहून जाते, आणि सत्र संपल्यावर शंभर टक्के गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला डॉक्टरांसमोर एक शब्द धड उच्चारता येत नाही.

रोजचा अभ्यास

शब्दपत्रे हाताने करावीत. तयार संच उतरवून घेणे सोपे असले तरी पत्र लिहितानाच निम्मे पाठ होते. एका बाजूला तुकडा, दुसऱ्या बाजूला अर्थ, मराठी प्रतिशब्द आणि त्या तुकड्याचे दोन पूर्ण शब्द. अँकीसारखे ॲप वाढत्या अंतराने उजळणी करून घेते, ते अवश्य वापरावे. रोज वीस ते तीस मिनिटे याला द्यावीत आणि आठवड्यातून दोनदा मोठी बैठक असावी. रविवारी रात्री एकदम सात तास बसण्याचा उपयोग प्रश्नमंजुषेपुरता होतो. दर आठवड्याला स्वतःला तीन अनोळखी शब्द द्यावेत, जे प्रकरणात नाहीत पण त्याच तुकड्यांचे आहेत, आणि अर्थ लिहून मग कोश उघडावा.

संक्षेपांचे प्रकरण विद्यार्थी शेवटच्या रात्रीवर टाकतात, तसे करू नये. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून काही संक्षेप वापरण्यास मनाई केली आहे, आणि त्यामागची कारणे वाचली की यादी विसरत नाही. ‘युनिट’साठी हाताने लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो आणि दहा युनिट इन्सुलिनचे शंभर होतात. ‘रोज’ आणि ‘दिवसाआड’ यांचे लॅटिन संक्षेप एका अक्षराने वेगळे आहेत. एक मिलिग्रॅम लिहिताना पुढे दशांश चिन्ह व शून्य देऊ नये, आणि अर्धा लिहिताना आधीचे शून्य गाळू नये, कारण ठिपका दिसला नाही तर मात्रा दसपट होते.

परीक्षेला बहुधा कॅमेऱ्याची देखरेख आणि दुसरी पाने उघडू न देणारा ब्राउझर असतो. तो आदल्या आठवड्यात सराव-प्रश्नमंजुषेवर चालवून पाहावा. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर तो बहुधा बसवता येत नाही. घरच्यांना वेळ सांगून ठेवावी, कारण खोलीत कोणी डोकावले तरी नोंद होते.

पुढे काय

मराठी–इंग्रजी वैद्यकीय दुभाषी होण्याचा विचार असेल तर हा अभ्यासक्रम उपयोगी आहे, पण पुरेसा नाही. राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी दुभाषी-कामाचे किमान चाळीस तासांचे स्वतंत्र प्रशिक्षण लागते, आणि आजीबाईंना ‘हेमॅच्युरिया’ हा शब्द ‘लघवीतून रक्त जाणे’ असा सांगता यावा लागतो. रक्तमेह म्हटले तर त्या डॉक्टरांइतक्याच गोंधळतील. नर्सिंगकडे किंवा कोडिंगकडे जाणाऱ्यांनी शरीररचना व क्रियाविज्ञान हा विषय लगेच पुढच्या सत्रात घ्यावा, शब्द ताजे असतात तोवर. श्रेणी लागल्यावर अधिकृत गुणपत्रिका पाठवण्याची विनंती करावी, आणि कॉलेजाच्या संकेतस्थळावरचा आपला प्रवेश बंद होण्याआधी सिलॅबसची प्रत उतरवून ठेवावी, कारण दोन वर्षांनी दुसरी संस्था क्रेडिट देताना हमखास तीच मागते.